खण क्रमांक अकरा

जिन्याखालच्या खोलीत अकरावा खण ओढला
की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो
आणि मग तो.
पिचू पोपट. मुठीत मावेल,
शेपूट जवळजवळ नाहीच,
पाठीचा शेवट लालभडक,
ओल्या कुंकवावर बसून उठल्यासारखा.
गळ्यावर निळा ठिपका, शाई सांडावी तेवढा.
डोळ्यांच्या जागी कापूस.

पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी:
नर. ताम्हिणी. फेब्रुवारी.
सालावर डाग पडलाय.
खाली तिरक्या अक्षरात कुणीतरी लिहिलंय,
पोटात मध. दुसरे काही नाही.

मी एकोणीस वर्षं इथे प्रयोगशाळा परिचर.
पक्ष्यांना कसर लागू नये, एवढंच माझं काम.
तरी त्या ओळीशी दरवेळी थांबते.
उद्या मला उघडलं तर काय निघेल?
चपाती, मेथी, पित्ताची गोळी.

या फेब्रुवारीत रजा टाकली.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, घरगुती.
पौड फाट्यावर एसटी पकडली,
मुळशीचं पाणी खिडकीतून बराच वेळ संपेना.

सोपान ढमाले म्हणाले, पाखरू बघायला एकट्याच आलात?
आणि शाळेमागच्या पांगाऱ्याकडे बोट केलं.
पान एक नाही झाडाला,
नुसती लाल फुलं,
आणि त्यांत हिरवं काही हलतंय
म्हणजे पान नव्हे, हे समजायला मला वेळ लागला.

उलटा. डोकं खाली, पाय वर,
चोच फुलात खुपसलेली,
कपाळ परागाने पिवळं झालेलं.
एक फूल संपलं की चोचीने फांदी धरून पुढे सरकायचं,
कड्यांना लोंबकळणाऱ्या पोरासारखं.
मग ची-ची-ची करत सुटला तो दरीवरून,
बाणाला शेपूट लागत नाही ते असं.

मादी खालच्या झाडावर.
पानाची कड तिने कातरली, लांब, एकसारखी,
शिवणक्लासच्या बाईंनी शाबासकी दिली असती.
मला वाटलं चोचीत धरून नेईल.
नाही.
मान वळवून तिने ती पट्टी मागच्या लाल पिसांत खोचली,
आवणीला उतरताना बाया पदर खोचतात तशी.
दुसरी खोचली. तिसरी पडली.
तिने पडलेलीकडे पाहिलंसुद्धा नाही, चौथी कातरायला घेतली.
ढोलीत म्हणे या पट्ट्यांचं अंथरूण होतं,
त्यावर तीन अंडी, पांढरी.
ढोली मला दिसली नाही. ढमाल्यांनी दाखवली नाही,
मीही आग्रह केला नाही.

चहा पिताना ते म्हणाले,
खाली कोकणात माडाला मडकी बांधतात ना,
हे माडी पितात आणि पडतात.
माझ्या मेव्हण्याने एकदा टोपीत घालून आणला घरी,
आम्ही म्हटलं मेला.
सकाळी उठला, टोपी घाण केली, गेला.

संध्याकाळी अंजनीच्या फांदीला
ते पाचसहा जण उलटे टांगून घेऊन झोपले.
वाऱ्याने हलत होते.
माहीत नसतं तर मी म्हटलं असतं,
या झाडाची काही पानं लवकर मिटतात.

शेवटची एसटी. कोथरूडचे दिवे.
रात्रभर मला छत खाली आहे असं वाटत राहिलं.

सोमवारी खण ओढला.
तो उताणा, पोट वर, पाय जुळवलेले,
सगळे पक्षी ठेवतात तसा ठेवलेला.
जिवंतपणी असा तो कधी निजला नसेल.

सर जेवायला गेले होते.
चिठ्ठीचा दोरा मी किल्ल्यांच्या खिळ्याला अडकवला.
डोकं खाली, लाल वर.
पंखा बंद होता तरी तो जरासा फिरला,
किंवा दोऱ्याचा पीळ सुटला असेल.
एक कप चहा होईस्तोवर.

मग परत ठेवला. दोन गोळ्या नव्या टाकल्या.
नोंदवहीत लिहिलं,
खण अकरा, तपासला.